मानेस घराण्याची थोरली लेक

प्रागच्या जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाखाली बारा महिन्यांची सोनेरी तबकडी आहे. नांगरणी, कापणी, द्राक्षांची तोडणी अशी शेतकऱ्यांच्या वर्षभरातील कामांची चित्रे तिच्यावरील वर्तुळांत बसवलेली आहेत. घड्याळावर आज दिसते ती प्रतिकृती. मूळ तबकडी योसेफ मानेस याने १८६०च्या दशकात रंगवली. त्याच्याविषयी लिहिताना ‘चित्रकला घराण्यातच होती’ असे म्हणून त्याचे बालपण दोन ओळींत आटोपले जाते. मला हे अपुरे वाटते, कारण घराण्यातली ही कला मुलांच्या वाट्याला सारखी आली नव्हती.

योसेफचा जन्म १८२० सालचा. वडील अंतोनीन निसर्गचित्रकार होते आणि १८३६ पासून प्रागच्या कला अकादमीत निसर्गचित्रणाचे प्राध्यापक होते. काका वात्स्लावही चित्रकार. थोरली बहीण अमालिये १८१७ची, तर धाकटा भाऊ क्विदो १८२८चा. तिघांनीही चित्रकलेचे पहिले धडे घरीच गिरवले. योसेफ लहान वयातच अकादमीत दाखल झाला. अमालियेला मात्र ती वाट मोकळी नव्हती, कारण तेथे मुलींना प्रवेशच नव्हता. वडिलांनी शिकवले तेवढेच तिचे शिक्षण, आणि वडिलांनी आखून दिलेले निसर्गचित्रणाचे क्षेत्र हेच तिचे क्षेत्र.

१८४३ मध्ये अंतोनीन वारले. त्या वेळी योसेफ तेवीस वर्षांचा होता, क्विदो जेमतेम पंधरा. घराचा भार सव्वीस वर्षांच्या अमालियेने उचलला. सरदार घराण्यांतील मुलींना चित्रकला शिकवून ती चार पैसे मिळवू लागली. पुढच्याच वर्षी योसेफ म्युनिकला गेला आणि सुमारे तीन वर्षे तिथे राहिला. कलावंताच्या घडणीत अशा निवांत वर्षांचे मोल किती असते, हे वेगळे सांगायला नको. घरची आघाडी बहीण सांभाळत होती म्हणूनच ती वर्षे त्याला लाभली, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमालियेला देवी ठरवण्याचा माझा हेतू नाही. पुढे घरातल्या मोलकरणीवर योसेफचे प्रेम जडले, तेव्हा त्या नात्याला तिने कडाडून विरोध केला आणि त्या गरोदर तरुणीला घर सोडावे लागले. योसेफच्या मनावरचा तो घाव कधीच भरला नाही. पण ज्या घराने योसेफला घडवले, ते घर चालवणारी हीच बाई होती. प्रागच्या चित्रकारांनी १८८७ साली आपल्या संघटनेला ‘मानेस’ हे नाव दिले, ते योसेफच्या सन्मानार्थ. त्या आडनावाखाली अमालियेची निसर्गचित्रेही तितक्याच बारकाईने पाहिली जावीत, असे मला मनापासून वाटते.