थीमचा डेमो बघू नका, आपला लेख त्यात टाकून बघा

ब्लॉग काढायचा ठरला की पहिला आठवडा थीम, म्हणजे ब्लॉगचं तयार रूप, बघण्यातच जातो. एक डेमो उघडायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि रात्री दोन वाजता "हीच!" म्हणून एक पक्की करायची. मीही तसंच केलं होतं. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला विचारलं, "कोणती थीम घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसले. म्हणून आता इथेच सविस्तर लिहिते, कारण हा विषय मला खरंच जवळचा आहे. मराठीत मनापासून लिहिलेले कितीतरी ब्लॉग केवळ थीममुळे वाचवत नाहीत आणि त्याचं मला वाईट वाटतं.

माझी पहिली थीम मासिकाच्या धाटणीची होती. वर सरकती चित्रं, खाली तीन रकाने, बाजूला पट्टी. डेमोमध्ये सुरेख दिसायची, कारण डेमोमध्ये सुरेख फोटो होते आणि प्रत्येक शीर्षक चार इंग्रजी शब्दांचं होतं. माझे लेख दीड-दोन हजार शब्दांचे, फोटो जवळजवळ नाहीतच, आणि शीर्षकं लांबलचक. फोटो नसेल तिथे ती थीम एक करडा चौकोन दाखवायची. पहिल्या पानावर असे नऊ चौकोन, आणि लेखाची मोजून दोन वाक्यं.

तरी मी ती दीड वर्ष वापरली. मग एकदा आत्या म्हणाली, "लिहिलंयस छान गं, पण दोनदा वाचायला घेतलं आणि दोनदा ठेवून दिलं. अक्षरं पुसट आहेत." मी तिचा फोन हातात घेतला आणि माझाच लेख पहिल्यांदा तिच्या डोळ्यांनी पाहिला. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. ओळी इतक्या चिकटलेल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होता. आणि शीर्षक? प्रत्येक अक्षर सुटं, शिरोरेषेचे तुकडे तुकडे झालेले.

हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. रोमन शीर्षकातली अक्षरं जरा लांब लांब ठेवली की ती रुबाबदार दिसतात, म्हणून डिझायनर लेटर-स्पेसिंग वाढवतो. देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, तिथे तीच सेटिंग शब्द मोडून टाकते. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. आपल्याकडे अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार, पायमोडकी अक्षरं. रोमनला अक्षराच्या दीडपट अंतर पुरतं, आपल्याला पावणेदोनपट तरी लागतं असा माझा अनुभव आहे. अवतरणं तिरपी करायची सवयही तिकडचीच. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपं रूपच नसतं, मग ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो.

आणि सगळ्यात मोठी फसगत फॉन्टची. डेमोमधला तो देखणा फॉन्ट बऱ्याचदा फक्त रोमन अक्षरांचा असतो. तुमचा मराठी मजकूर आला की ब्राउझर वाचणाऱ्याच्या यंत्रात जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलतो. म्हणजे ज्या रूपावर भाळून तुम्ही थीम घेतली, ते तुमच्या वाचकाला कधी दिसतच नाही. त्यामुळे थीम घेतानाच बघा, की फॉन्ट बदलता येतो का आणि मुक्त, नोटोसारखा पूर्ण देवनागरी असलेला फॉन्ट तिथे बसतो का. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडायलाही विसरू नका. नोटोसारख्या काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं तरच ते दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. एवढ्याशा गोष्टीनेही पान आपलं वाटायला लागतं.

रंगांच्या बाबतीत मी आता कुणाचं ऐकत नाही. वेबवरच्या सुगम्यतेच्या (पान सगळ्यांना वाचता यावं यासाठीच्या) निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. हे मोजून देणारी मोफत साधनं आहेत, दोन रंग टाकले की आकडा मिळतो. फिकट करडा मजकूर डिझायनरच्या मोठ्या, लख्ख पडद्यावर नाजूक दिसतो. उन्हात उभं राहून फोनवर वाचणाऱ्याला तो दिसतच नाही.

म्हणून माझं सांगणं एकच. डेमो बंद करा आणि आपला मजकूर त्या थीममध्ये टाकून बघा. सगळ्यात लांब लेख, सगळ्यात लांब शीर्षक, एक फोटो नसलेला लेख आणि एक कविता (कवितेच्या ओळी कुठे तुटतात यावरून थीमची पारख लगेच होते). मग तो फोनवर उघडा आणि शेवटपर्यंत वाचा, नुसता चाळू नका. मध्येच लक्ष विचलित झालं तर कशामुळे झालं ते बघा. खालून वर येणारी पट्टी? डोक्याशी चिकटून बसलेला मेन्यू? फॉन्ट उशिरा आल्यामुळे उडी मारणारी ओळ? वेगाचा अंदाजही तेव्हाच येतो. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं मोजमाप आहे, आणि पहिल्या पानावरची सरकती चित्रं त्यात हमखास आडवी येतात. मला ती चित्रं मुळीच आवडत नाहीत. दुसरं चित्र येईपर्यंत थांबणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या गोष्टीबद्दल, जिने मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला. माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसमध्ये थीमची सोय २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत आली. मजकूर एकीकडे आणि रूप दुसरीकडे, ही त्यामागची कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते. त्याआधी २००३ मध्ये वेब डिझायनर डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा) नावाची साइट काढून हेच दाखवलं होतं. मजकूर तोच, एक अक्षरही बदललेलं नाही, फक्त सीएसएसची फाइल बदलली की पान ओळखू येत नाही इतकं निराळं. थीम बदलणं हे कपडे बदलण्याइतकं सोपं असायला हवं.

माझ्या त्या मासिक थीममध्ये रकाने, चौकटी, ठळक अवतरणं यांसाठी स्वतःचे शॉर्टकोड (चौकोनी कंसात लिहायच्या छोट्या खुणा) होते. मी ते हौसेने वापरले. थीम बदलली त्या दिवशी प्रत्येक लेखात चौकोनी कंसांची रांग उभी राहिली. जिथे चौकट होती तिथे कंस, जिथे अवतरण होतं तिथे कंस. थीम माझ्या मजकुराच्या आत शिरून बसली होती. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात अशा थीम घेत नाहीत. प्लगिनचं (ब्लॉगला जादा सोयी जोडणाऱ्या भागाचं) काम थीमने करू नये असा त्यांचा नियमच आहे, आणि तो किती शहाणपणाचा आहे हे मला तेव्हा कळलं. म्हणून थीम कायम करण्याआधी ती एकदा बंद करून बघा. दुसरी कुठलीही साधी थीम लावा आणि लेख उघडा. लेख धड राहिला तर ती थीम घ्या.

बाकीचं थोडक्यात. शेवटचं अपडेट कधी आलंय ते बघा, वर्ष-दोन वर्षं काहीच हालचाल नसेल तर नको. बदल करायचे असतील तर चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या, आपल्या बदलांपुरत्या वेगळ्या थीममध्ये) करा, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. आणि विकतची थीम कुठल्यातरी भलत्या साइटवरून फुकट उतरवू नका, आत काय लपवून ठेवलंय ते तुम्हाला दिसणार नाही.

तपासणीसाठी मी एक ओळ करून ठेवली आहे, हवी तर घ्या: "तिसऱ्या कुऱ्हाडीचा दांडा, उच्छ्वास, द्वंद्व, ट्रक, हृदय, शुश्रूषा, लाल लुगडं." ही शीर्षकात टाका, मजकुरात टाका, ठळक करून बघा. अनुस्वार कापला गेला, र तुटला किंवा ल परका वाटला, की मी त्या थीमवर पुढे वेळ घालवत नाही.

सध्याची माझी थीम एका रकान्याची आहे. अक्षर १९ पिक्सेलचं, रंग जवळजवळ काळा, बाजूला काही नाही. आत्याने परवा जुना लेख वाचून फोन केला आणि लेखातल्या माणसांबद्दलच बोलत राहिली, अक्षरांचा विषयच निघाला नाही. जुन्या लेखांतले कंस मी अजून रोज रात्री दोन-तीन लेख घेऊन काढतेय. साठेक झाले, चाळीस राहिलेत.