‘बाहेरून काळं, आतून कच्चं’: चुऱ्याच्या चिकनबद्दल दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की गटारीला आमच्याकडून खाऱ्या वेफर्सचा अर्धा किलो चुरा नेला, पिशवीतल्या चिठ्ठीप्रमाणे चिकनला लावून तळला, तर चिकन बाहेरून काळं, आतून गुलाबी, निम्मा चुरा कढईच्या तळाशी. जे हाती लागलं ते इतकं खारट की मुलांनी ताट सरकवलं. वर, ‘शिळा खवट माल गळ्यात मारला.’

आधी आमचं चुकलं ते. चिठ्ठीत ‘मीठ चवीनुसार’ छापलंय. खाऱ्या चुऱ्यात मीठ असतंच, त्यामुळे चिकनला वेगळं मीठ जवळजवळ लावायचंच नाही. आणि तळायचं की भाजायचं, हे चिठ्ठीत कुठेच नाही. ती मीच लिहिली. रोज कढईपुढे उभं राहणाऱ्याला जे ठाऊक, ते सगळ्यांना ठाऊक असेल असं धरून चाललो. (एरवी या चिठ्ठीवरून बोलणी बसतात ती वेगळ्याच कारणाने: उपवासाच्या वेफर्सशेजारी चिकनचा कागद कशाला ठेवता म्हणून.)

आता काळं का झालं ते. चुरा म्हणजे एकदा तळून झालेला माल. साधारण चार किलो बटाट्याचे किलोभर वेफर्स होतात. पाणी उडून जातं आणि वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा तेल असतं. ब्रेडचा चुरा कोरा असतो, तो तेलात सोडला की रंग धरायला वेळ घेतो. हा आधीच रंगलेला. पुन्हा कडकडीत तेलात गेला की मिनिटा-दोन मिनिटांत करपणार, आणि तेवढ्यात तंगडीच्या हाडापर्यंत आच पोचत नाही. तुमच्या फोटोत तंगड्याच दिसतायत. त्यातून आषाढात आम्हाला मिळतो तो शीतगृहातला बटाटा. थंडीत पडून राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, वेफर लवकर लाल होतो, चुराही लवकर जळतो. सातगाव पठाराचा नवा बटाटा दसऱ्याच्या सुमारास येतो, तेव्हा हाच चुरा जरा जास्त दम धरतो.

म्हणून आमच्या घरी तळत नाही. बोनलेस ब्रेस्ट घ्यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने ठोकून अर्ध्या इंचाचं करायचं. दही लावून ठेवलं असेल तर निथळू द्यायचं, मग फडक्याने कोरडं टिपायचं. चुरा गळतो तो बहुतेकदा इथे, फ्रीजरमधून काढलेलं चिकन पाणी सोडत राहतं म्हणून. आधी मैदा, तो झटकून अंडं, मग चुरा तळव्याने दाबून. वीस मिनिटं फ्रीजमध्ये. नंतर ओव्हनमध्ये 200 अंशांवर, जाळीवर ठेवून, अठरा-वीस मिनिटं. तेल वरून घालायचं नाही, चुऱ्यातलंच सुटतं. ओव्हन नसेल तर तव्यावर चमचाभर तेल, मंद आच, झाकण नाही. झाकलंत की सादळलंच. काट्याने आतलं उघडून बघा, गुलाबी दिसलं तर अजून ठेवा. थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश हवेत. तंगडीच करायची तर आधी वाफवून घ्या आणि चुरा शेवटी.

‘शिळा, खवट’ मात्र मी मान्य करत नाही. त्या आठवड्याच्या घाण्यातली एक पिशवी आम्ही नमुन्याला ठेवतो, ती तुमचा शेरा वाचल्यावर फोडली आणि खाल्ली. कुरकुरीत होती. करपलेला चुरा कडू लागतो आणि त्या तेलाचा वासही खवटाच्या जवळचा येतो. तसं झालं असावं. तरी तुमच्याकडे मूठभर उरला असेल तर आणा. तळहातावर चोळला की खवटपणा लगेच नाकाला कळतो, काउंटरवर दोघं मिळून बघू. खवट निघाला तर इथेच तसं लिहीन.

चिकनचे पैसे मला देता येणार नाहीत, चुरा मात्र नवा देतो. चिठ्ठी बदलायला टाकली आहे, ‘तळू नये’ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. श्रावण पाळत असाल तर गणपती उठल्यावर या. तुमच्या नावाची पिशवी आत्ता बांधून ठेवत नाही, त्या दिवशीच्या घाण्यातलीच देईन.