पालेभाजी महिनाभर ताजी ठेवण्याचा दावा

“बाजारातून आणलेली कोथिंबीर, मेथी, लेट्यूस लगेच मीठ-हळदीच्या पाण्यात भिजवा, चिरून हवाबंद डब्यात भरा; महिनाभर ताजी राहील आणि फवारणीचे विषही निघून जाईल,” असा संदेश घरोघर फिरतो आहे. मेथीचा घोळाणा, कोथिंबिरीची चटणी, लेट्यूसची पाने आपण कच्चीच खातो, त्यामुळे तो तपासून घ्यायला हवा.

आणल्याबरोबर धुण्याचा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो. पानांच्या बेचक्यांत अडकलेले पाणी फ्रीजमध्ये सहजी सुकत नाही आणि त्या ओलाव्यावर पाने सडवणारे जीवाणू वाढतात. जुडी सोडून पिवळी, चेचलेली पाने काढावीत, उरलेली न धुता कोरड्या सुती कापडात सैलसर गुंडाळावीत आणि वापरायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली धुवावीत. आधीच धुवायची असतील, तर पूर्ण निथळून, कापडावर पसरून कोरडी झाल्यावरच आत ठेवावीत.

मिठाच्या पाण्यात फार वेळ ठेवलेली पाने उलट मलूल होतात, कारण मीठ पेशींतील पाणी बाहेर खेचते. फवारणीपुरते बोलायचे, तर धुण्याने पृष्ठभागावरचे काही अंश निघतात; पण आंतरप्रवाही कीटकनाशके पानाच्या आत गेलेली असतात आणि तिथवर मीठ पोहोचत नाही, हळदही नाही.

चिरून ठेवणे सोयीचे आहे, हे मान्य. मात्र कापलेल्या पेशींतून रस झरतो, पानांचे श्वसन वाढते, कडा काळवंडतात आणि क जीवनसत्त्वही घटते. म्हणून चिरलेली भाजी एक-दोन दिवसांतच संपवावी.

खुडलेले पानही श्वास घेत असते. गच्च भरलेल्या हवाबंद डब्यात प्राणवायू संपत जातो, झाकणाला पाणी सुटते आणि आंबूस वास येऊ लागतो. डबा वापरावा, पण सैल भरून, तळाशी कापड घालून आणि ते ओले झाले की बदलून. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो शेजारी ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

महिन्याचा वायदा तर सोडूनच द्यावा. चांगली कोथिंबीर घरच्या फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आठवडाभर, फार तर दहा-बारा दिवस उत्तम राहते. नुसती कोमेजलेली पाने दहा-पंधरा मिनिटे थंड पाण्यात ठेवली की पुन्हा तरतरीत होतात, परंतु बुळबुळीत झालेली किंवा वास मारणारी पाने कितीही धुतली तरी कच्ची खाऊ नयेत.