बीव्हरचा बांध आणि आपले ओढे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बीव्हर या ओढ्यात बांध घालणाऱ्या प्राण्यावरच्या माझ्या लेखावर तुमच्या दोन हरकती आहेत. झाडं पाडून नदी अडवणाऱ्या प्राण्याचं कौतुक कशाला? आणि जो भारतात नाहीच, त्याच्याशी नाशिककरांना काय देणंघेणं? पाणी अडवल्याने नदीचं काय होतं ते उन्हाळ्यात गंगापूर धरणाखालच्या गोदावरीत बघा, असंही तुम्ही म्हणता.

गोदावरीबद्दलची तुमची कळकळ मला पटते. पण धरण आणि बीव्हरचा बांध एका मापाने मोजू नका. काठ्या, दगड रचून, वरच्या अंगाला चिखल लिंपून केलेला तो बांध गळका असतो. पाणी फटींतून झिरपतं, माथ्यावरून सांडतं, कडेने वाट काढतं. वेग मरतो, त्यामुळे गाळ बसतो, ओढ्याचा तळ वर येतो, पाणी दोन्ही काठांच्या जमिनीत मुरतं. हेच मुरलेलं पाणी कोरड्या दिवसांत सावकाश ओढ्यात परत येतं. बेडूक, मासे, बदकं त्याच्याच आधाराने राहतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात वणव्यांनंतरही बीव्हरच्या ओढ्यांकाठचे पट्टे हिरवे राहिलेले दिसले आहेत.

झाडांचं म्हणाल तर तो मुख्यतः विलो, अ‍ॅस्पेन तोडतो. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्याच कुळातली. तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते.

त्याला इकडे आणा, असं मी म्हणत नाही. 1946 मध्ये फरच्या धंद्यासाठी अर्जेंटिनाने दक्षिण टोकाला टिएरा डेल फ्युएगोत बीव्हर सोडले. तिथली लेंगा नावाची झाडं तोडल्यावर तशी फुटत नाहीत, साचल्या पाण्यात मरतात. जंगलाचे पट्टेच्या पट्टे वाळले. प्राणी तिथलाच हवा, हे खरंच.

काम मात्र आपल्याला परकं नाही. पावसाळा सरताना गावकरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, ओढ्यात थरावर थर रचतात. सांध्यांतून पाणी पाझरत राहतं आणि वरच्या बाजूला डोह साचतो. हा वनराई बंधारा. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला तर गोदावरी-कादवेच्या पाण्यावर घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचला, त्यावर पाणकणीस माजलं, पक्षी आले. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ म्हणजे तोटा. जांभळ्या पाणकोंबडीचं घर त्याच गाळावर आहे.

लेखाचा माझा रोख होता तो नाला खोलीकरणावर. जेसीबी लावून ओढा खरवडला की तळ खाली जातो, काठ उभे तुटतात, आजूबाजूच्या मातीतली ओल ओढ्यात निथळून वाहून जाते. बीव्हर करतो त्याच्या नेमकं उलट. तुमच्या शिवारात असं खोलीकरण झालं असेल, तर त्यानंतर काठच्या विहिरींचं पाणी किती महिने टिकतं, ते जरूर कळवा.