रिंगाही मोजायच्या, आणि रिंगसाठी गेला की शिव्याही घालायच्या

एनबीएवर, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगवर, कुठलीही चर्चा सुरू करा. विषय पिक-अँड-रोलच्या बचावाचा असो, नाहीतर यंदाच्या ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा. दहा मिनिटांत कुणीतरी येतं आणि ‘ड्युरंटनं रिंग विकत घेतली’ एवढं टाकून जातं. रिंग म्हणजे चॅम्पियनची अंगठी, आणि राग आहे तो 2016 मध्ये केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सोडून आधीच भरलेल्या गोल्डन स्टेटला गेला त्याचा. दुसरा म्हणतो, सुरुवात लेब्रॉननं केली, 2010 मध्ये मायामीला जाऊन. तिसरा म्हणतो, जॉर्डननं असलं काही केलं नसतं. मग पुढचा तासभर गिरणी चालू. 2010 पासून हेच दळण दळतायत, पीठ काही पडत नाही.

सकाळी सहाला डोळे चोळत फायनल बघणारी माणसं आहेत ही. एवढी झोप मोडता, तर सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा, काय असते हे समजून घ्यायला अर्धा तास काढा की! पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सगळ्यात डोकं फिरवतो तो यांचा रिंगांचा हिशोब. चार्ल्स बार्कली, कार्ल मलोन, पॅट्रिक युइंग यांचं नाव निघालं की पहिला प्रश्न ‘रिंगा किती?’ उत्तर शून्य, म्हणून माणूस बाद. आणि तीच शून्याची भीती वाटून कुणी चांगल्या टीमकडे गेला, तर तो पळपुटा! थांबला तरी नालायक, गेला तरी नालायक. रिंगाच मोजायच्या तर रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. एल्जिन बेलरकडे एकही नाही. गुडघे गेले म्हणून 1971-72 च्या सीझनमध्ये नऊ सामन्यांनंतर त्यानं खेळणं सोडलं आणि त्याच्या पुढच्याच सामन्यापासून लेकर्सनी सलग 33 जिंकले, त्या वर्षीची चॅम्पियनशिपही नेली. आता सांगा, या हिशोबात बेलर कुठे बसतो?

आणि बार्कलीचं नाव ‘जुन्या काळचा स्वाभिमान’ म्हणून घेणाऱ्यांनी एकदा त्याचं करिअर नीट बघावं. 1996 मध्ये तो फिनिक्स सोडून ह्यूस्टनला गेला. तिथे कोण होते? हकीम ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलर. रिंगसाठीच गेला होता. मिळाली नाही, एवढाच फरक. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

‘आमच्या काळी खेळाडू टीम सोडत नसत.’ अहो, सोडता येत नव्हती! करार संपल्यावर कुठलीही अट न ठेवता दुसरीकडे जायची मोकळीक एनबीएमध्ये 1988 साली आली. टॉम चेंबर्स सिएटलहून फिनिक्सला गेला तो पहिला. त्याआधी बहुतेक वेळा टीमनं सोडलं किंवा विकलं तरच हलायचं. पिंजऱ्यातल्या पोपटाच्या निष्ठेचं काय कौतुक सांगता? आणि टीमच तारे गोळा करायच्या, त्याला कुणी नावं ठेवत नाही. बिल रसेलच्या सेल्टिक्सनी 13 सीझनमध्ये 11 चॅम्पियनशिप जिंकल्या. त्यातल्या पहिल्या काही तर लीगमध्ये जेमतेम आठ टीम असताना. 1968 मध्ये लेकर्सनी जेरी वेस्ट आणि बेलर असताना विल्ट चेंबरलेनला आणलं. सुपरटीम म्हणजे आणखी काय असतं? 1969 च्या फायनलच्या सातव्या सामन्याला मालकानं विजयाचे फुगे छताला बांधून ठेवले होते. दोन गुणांनी हरले. फुगे तिथेच.

1980 मध्ये बॉस्टननं गोल्डन स्टेटला ड्राफ्टमधला पहिला आणि तेरावा पिक (निवडीची पाळी) देऊन रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा पिक घेतला, त्या तिसऱ्या पिकवर केव्हिन मॅकहेल उचलला. एकाच व्यवहारात दोन हॉल ऑफ फेमर, लॅरी बर्डच्या शेजारी बसवायला. लेकर्स 1982 चे चॅम्पियन, आणि त्याच महिन्यात ड्राफ्टचा पहिला पिकही त्यांच्याच हातात, क्लीव्हलंडकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेला. मॅजिक आणि करीम आधीच होते, वर जेम्स वर्दी. क्लीव्हलंड त्या काळात पहिल्या फेरीचे पिक असे उधळत होतं की पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांचे पिक देता येणार नाहीत असा नियम लीगला करावा लागला. क्लीव्हलंडचा तेव्हाचा मालक टेड स्टेपियन, त्याच्या नावानं तो आजही स्टेपियन नियम म्हणून ओळखला जातो. शेजाऱ्याच्या मूर्खपणावर झालेली सुपरटीम ‘घडवलेली’ आणि खेळाडूनं स्वतः ठरवून झालेली ‘विकत घेतलेली’. हे कुठलं तर्कशास्त्र?

आता 2016 वर येऊ, कारण सगळा जाळ तिथेच आहे.

आयपीएलच्या पर्सची सवय असलेल्यांना आधी एक गोष्ट कळायला हवी. एनबीएची कॅप तशी बंद पेटी नाही. स्वतःचा खेळाडू ठेवायला कॅप ओलांडता येते. बाहेरच्या मोठ्या फ्री एजंटला (करार संपलेल्या खेळाडूला) थेट सही करायची तर मात्र कॅपच्या खाली जागा लागते. आणि एका खेळाडूला किती देता येईल त्यालाही मर्यादा आहे: सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला साधारण कॅपच्या 25 टक्के, सात ते नऊ वर्षांना 30, दहा किंवा जास्तला 35.

आता आकडे बघा. स्टेफ करीचा घोटा सारखा दुखावत होता, 2011-12 मध्ये तो फक्त 26 सामने खेळला. म्हणून 2012 मध्ये त्यानं चार वर्षांचे 4 कोटी 40 लाख डॉलर घेतले. त्या वेळी टीमच धोका पत्करतेय असं वाटत होतं. पुढे तो दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, करार मात्र तोच. 2016-17 मध्ये त्याचा पगार 1 कोटी 21 लाख डॉलर. क्ले थॉम्पसन 1 कोटी 67 लाख, ड्रेमंड ग्रीन 1 कोटी 53 लाख. त्यात 24 अब्ज डॉलरचा नवा टीव्ही करार लागू झाला आणि कॅप एका उन्हाळ्यात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर गेली. लीगचं म्हणणं होतं, ही वाढ टप्प्याटप्प्यानं करू. खेळाडूंच्या युनियननं नकार दिला.

ड्युरंटला मिळाले 2 कोटी 65 लाख. चौघांची बेरीज करा: साधारण 7 कोटी 6 लाख. म्हणजे आदल्या वर्षीच्या अख्ख्या कॅपएवढ्या पैशांत चार ऑल-स्टार! करीला त्याच्या लायकीचा मॅक्स पगार असता तर आणखी 1 कोटी 40 लाखांच्या वर गेले असते आणि ड्युरंटला जागाच उरली नसती. एवढं असूनही हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडावा लागला, अँड्र्यू बोगटला डॅलसला द्यावं लागलं, स्पाइट्स आणि बार्बोसा गेले. सेंटरला झाझा पचुलिया आला तो 29 लाखांत.

हे एकदाच जमून आलेलं गणित होतं. एका घोट्याची दुखापत, एक टीव्ही करार, युनियनचा एक नकार. यात ‘भित्रा’ हा शब्द बसतो कुठे?

ड्युरंटच्या भक्तांनीही लगेच टाळ्या पिटू नका. 73 सामने जिंकलेली टीम, तीही जिच्यासमोर ओक्लाहोमाकडून खेळताना 3-1 ची आघाडी घालवून तो हरला तीच टीम, तिथे गेल्यावर लीग कंटाळवाणी झाली ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. 2017 च्या प्लेऑफमध्ये 16 जिंकले, एक हरला. बघायला काही उरलंच नव्हतं. पण मग तेवढंच म्हणा ना, ‘मजा गेली’! चारित्र्याचं प्रमाणपत्र कशाला वाटत फिरता? आणि ‘सगळेच करतात’ म्हणून सारवासारवही करू नका. त्याच्याआधी कुणालाच एवढी भरलेली टीम कॅपच्या जागेत मिळाली नव्हती.

लेब्रॉनच्या 2010 शी याची सरसकट तुलना करणाऱ्यांचा वेगळा सत्कार करायला हवा. मायामीत लेब्रॉन, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या तिघांनीही मॅक्सपेक्षा कमी घेतले, आणि तरी उरलेली टीम बहुतेक किमान पगारावरच्या लोकांनी भरावी लागली. बॉशनं टोरांटोतल्या शेवटच्या सीझनमध्ये सरासरी 24 गुण केले होते, मायामीत पहिल्याच वर्षी 18.7 वर आला. पुढे तर तो सेंटर झाला, तीनच्या रेषेबाहेर उभा राहायला लागला. 2011 ची फायनल ते नोवित्स्कीच्या डॅलसकडून हरले. ‘टीव्हीवर तासाभराचा तमाशा करून निर्णय जाहीर केला’ यावर चिडायचं तर खुशाल चिडा, तो कार्यक्रम वाईटच होता. पण चार फायनलमध्ये दोन विजय म्हणजे काही हमखास सौदा नव्हे.

इथेच या वादातली सगळ्यात मोठी थाप उघडी पडते: तारे जमले की रिंग ठरलेली. कोर्टवर पाच जण आणि 48 मिनिटं, म्हणजे वाटायला 240 मिनिटं. चेंडू एकच. तीन मॅक्स पगार दिले की कॅपचा बहुतेक भाग संपतो आणि उरलेल्या बारा जागा भरायला चिल्लर राहते. त्या बारा जणांतच समोरच्या गार्डला अडवणारा असतो, रिबाउंड घेणारा असतो, कोपऱ्यात उभं राहून तीन मारणारा असतो. तो नसला की तारे थकतात, थकले की दुखावतात, आणि बेंचवरून उठवायला कुणी नसतं. बारभाईंची शेती, काय लागेल हाती!

2004 चे लेकर्स: शॅक, कोबी, मलोन, पेटन. डेट्रॉइटनं 4-1 नं धुतलं. 2012-13 चे लेकर्स: कोबी, नॅश, हॉवर्ड, गॅसोल. पाच सामन्यांत कोच हाकलला, 45-37, पहिल्याच फेरीत 4-0. ब्रुकलिनमध्ये ड्युरंट, कायरी आणि हार्डन तिघं मिळून नियमित सीझनचे फक्त 16 सामने एकत्र खेळले. फिनिक्सनं ड्युरंटसाठी पहिल्या फेरीचे चार पिक आणि मिकाल ब्रिजेस दिला, वर ब्रॅडली बील घेतला, तोही नो-ट्रेडच्या अटीसकट. म्हणजे चूक कळली तरी त्याच्या मर्जीशिवाय दुरुस्त करता येणार नाही. 2024 मध्ये मिनेसोटानं 4-0 नं घरी पाठवलं, पुढच्या वर्षी 36-46, प्लेऑफ नाहीच. ‘रिंग विकत घेता येते’ म्हणणाऱ्यांनी फिनिक्सची पावती बघावी.

2019 मध्ये क्लिपर्सनी कवाय लेनर्डच्या जोडीला पॉल जॉर्ज आणला, त्याची किंमत काय मोजली? शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि पिकच्या अदलाबदलीचे दोन हक्क. त्यातल्याच एका पिकवर ओक्लाहोमानं 2022 मध्ये जेलन विल्यम्स घेतला. जॉर्ज 2024 मध्ये फुकटात फिलाडेल्फियाला निघून गेला, आणि 2025 ची चॅम्पियनशिप गिल्जस-अलेक्झांडर आणि विल्यम्सनी ओक्लाहोमाला मिळवून दिली. दोन ताऱ्यांची टीम फायनलपर्यंतही पोहोचली नाही. तिच्या बिलातून शेजाऱ्याची चॅम्पियन टीम उभी राहिली!

निष्ठेच्या गप्पा तर नकोतच. डेमार डीरोझन नऊ सीझन टोरांटोत राहिला, 2018 मध्ये त्याला कवायसाठी देऊन टाकलं, पुढच्या वर्षी टोरांटो जिंकलं. सगळे म्हणाले, मॅनेजमेंट काय हुशार! आयझेया थॉमस बहिणीच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी बॉस्टनसाठी प्लेऑफ खेळला, त्याच उन्हाळ्यात त्याला क्लीव्हलंडला पाठवलं. ‘शेवटी धंदा आहे.’ मालकानं केलं की धंदा आणि खेळाडूनं केलं की गद्दारी.

डेमियन लिलार्डचं तर माकड केलं या लोकांनी. पोर्टलंडला 11 सीझन थांबला तेव्हा ‘रिंग नाही, महान कसला?’ 2023 मध्ये यानिसच्या मिलवॉकीला गेला तेव्हा ‘शेवटी हाही रिंगमागेच’. दोन्ही वर्षं पहिल्या फेरीत इंडियानाकडून हरले, दुसऱ्या वेळी याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली, आणि टीमनं 11 कोटी डॉलरहून अधिकचा उरलेला करार पाच वर्षांत वाटून टाकत त्याला सोडून दिलं. तो परत पोर्टलंडला गेला. त्याच्यावरही टोमणे आहेतच.

गंमत म्हणजे लीगनं तुमचं ऐकलंसुद्धा. 2023 च्या लीग आणि युनियनच्या करारात दुसरा अ‍ॅप्रन आला, म्हणजे कॅपच्या बरीच वरची एक कडक रेषा. 2025-26 मध्ये कॅप 15 कोटी 46 लाख, तर ही रेषा 20 कोटी 78 लाखांवर. ती ओलांडली की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, रोख पैसे देता येत नाहीत, मिड-लेव्हल अपवाद (कॅपच्या वर असूनही ठरावीक रकमेत बाहेरचा खेळाडू घ्यायची सवलत) वापरता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, ट्रेडमध्ये देता येत नाही. पुढच्या चारपैकी दोन वर्षं पुन्हा ओलांडली तर तो पिक थेट फेरीच्या शेवटी जातो. कॅप वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढू द्यायची नाही असंही ठरलं. 76 अब्जांचा नवा टीव्ही करार लागू होताना कॅप बरोबर 10 टक्के वाढली. 2016 चं दार बंद, कुलूप लावून. 2019 ते 2025 सात वर्षांत सात वेगळे चॅम्पियन.

मग आता तरी खूश? कुठलं! याच अ‍ॅप्रनमुळे 2024 च्या चॅम्पियन बॉस्टनला वर्षभरात जू हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला द्यावा लागला. तेव्हा याच मंडळींनी बोंब मारली, ‘चांगली जमलेली टीम मोडली हो!’