खानापूरच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर: कागद नसलेला दवाखाना आणि जेल

नमस्कार दादा, नोंदणी आणि डिग्रीशिवाय दवाखाना चालवणाऱ्याला जेल व्हावी असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नोंदणीच्या एका कागदासाठी डॉक्टरला जेलमध्ये घाला म्हणणं सोपं आहे, पण रात्री दोन वाजता आमच्या गावात कोण येणार, तुम्ही की डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी)? राग समजतो, पावसाळ्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आतल्या गावांचे हाल मी बघितलेत. पण "एक कागद" म्हणून तुम्ही जे झटकून टाकलंत तिथंच माझं अडतंय.

माझ्या मामींना अथणीकडच्या एका खेड्यात तापासाठी नेलेलं. बाहेर बोर्ड नाही, आत एक खाट, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली, आणि आधीच्या पेशंटला टोचलेली सिरिंज धुऊन परत ट्रेमध्ये ठेवलेली. आठवड्यात मामींना गळू झालं, मिरजेला नेऊन चिरावं लागलं. जाब विचारायला गेलो तर खोलीला कुलूप. तो कोण, काय शिकलेला, नाव तरी खरं का, गावात कुणालाच सांगता येईना. सुई टोचणारा माणूस कोण हे त्या कागदावरनंच कळतं दादा.

आणि कायदा काय म्हणतो तेही बघा की. कर्नाटकात खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचा 2007 चा केपीएमई कायदा आहे, रजिस्ट्रेशन नसताना खाजगी दवाखाना चालवला तर त्यात कैद आणि दंड दोन्ही आहे. 2017 च्या नोव्हेंबरात इथंच, सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना हजारो डॉक्टर या कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध बेळगावात उतरले होते ते आठवत असेल, तेव्हा त्या दुरुस्तीत जास्त बिल लावल्याबद्दल जेलची तरतूद होती ती गाळली गेली, आणि मला ते बरोबरच वाटलं, बिलाचं भांडण दंडानं मिटवता येतं. पण डिग्रीच नसताना डॉक्टर म्हणून बसणं वेगळं, त्याला नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नुसता दंड का पुरत नाही? आपला भाग सीमेवरचा म्हणून. इकडं कर्नाटकात चौकशी लागली की माणूस तिकडं महाराष्ट्रात जातो, तिकडचा नर्सिंग होमचा कायदा वेगळा, ऑफिस वेगळं, फाईल वेगळी. तिकडचं म्हैसाळ आपल्या कागवाडपासून किती लांब आहे? 2017 मध्ये तिथं एका होमिओपॅथच्या दवाखान्यात बेकायदा गर्भपातात तरुण बाई गेली आणि मग ओढ्याजवळ पुरलेले 19 भ्रूण निघाले. 2022 ला आपल्याच जिल्ह्यात मूडलगीत बाटल्यांत भरलेले सात भ्रूण सापडले. गर्भलिंग निदानाचा 1994 चा कायदा दोन्हीकडं एकच आहे, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जामीनपात्र नाही, पण दंड तेवढा दहा हजारांपर्यंत, म्हणजे असल्या धंद्यात एका दिवसाची कमाई. अशा माणसाला भीती असलीच तर जेलची.

एक गोष्ट मला मनापासून आवडली, 2024 मध्ये सरकारनं दवाखान्यांच्या बोर्डाचे रंग ठरवले, अलोपॅथीला निळा, आयुर्वेदाला हिरवा, वर केपीएमई नंबर. आमच्या आजीला कन्नड वाचता येत नाही, रंग तरी कळेल.

तुमच्या गावातले डॉक्टर डिग्रीवाले असतील आणि फक्त नोंदणी राहिली असेल तर त्यांना जेलमध्ये घाला असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांना घेऊन बेळगावला डीएचओ ऑफिसला या, फॉर्म कन्नडमध्ये भरायला अडलं तर मी भरून देतो, सोमवार सोडून कधीही.