"पोलिसाला 24 तास ड्युटी असतेच" वाल्या मेसेजला माझं उत्तर

आपल्या खान्देशातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, धुळ्याचा ग्रुप असो की चोपड्याचा, तोच. म्हणे पोलिसाला कायद्यानेच 24 तास ड्युटी, माहीत असून भरती झाला, 8 तास केले तर रात्री चोरांना रान मोकळं, आणि खरंच त्रास असता तर संप केला नसता का. माझा सख्खा भाऊ हवालदार आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

कायद्याचं आधी. महाराष्ट्र पोलीस कायदा 1951, कलम 28, त्यात पोलीस कायम कामावर आहे असं समजायचं म्हटलंय, हे खरं. पण म्हणजे समोर गुन्हा घडला तर "माझी ड्युटी संपली" म्हणून तोंड फिरवता येत नाही आणि बोलावलं तर यावं लागतं. रोज 14-15 तास उभं करा असं त्यात कुठंय?

आता "माहीत असून भरती झाला". अहो, ग्राउंडवर 1600 मीटर पळणाऱ्या 20-22 वर्षांच्या पोराला कोण सांगतं की तुझा वीकली ऑफ आदल्या रात्री फोन करून कॅन्सल होईल? भाऊचं बघते ना मी. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खान्देशातल्या सणाला, सगळं भाऊबंद जमतं, याचा बंदोबस्त. सारंगखेड्याची यात्रा लागली की डिसेंबरच्या थंडीत तिकडे, झोप मिळेल तिथं. एकदा नाइट करून सकाळी आला, बूट काढले तर पाय सुजून मोज्यांचे वळ उमटलेले आणि डब्यातली कळण्याची भाकर तशीच्या तशी, कडक झालेली. आईनं विचारलं तर म्हणे, "नाकाबंदीत टाइमच नाही भेटला." तासाभरात परत फोन, कोर्टात आरोपी न्यायचाय, माणूस कमी आहे. अन् हे एका घराचं नाही. 2014 ला बीपीआरअँडडीने, म्हणजे पोलिसांवर संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्याच संस्थेने, देशभरातल्या पोलीस ठाण्यांचा अभ्यास केला त्यात जवळपास 90 टक्के कर्मचारी 8 तासांपेक्षा जास्त काम करताना निघाले, आणि 2019 च्या स्टेटस ऑफ पोलिसिंग रिपोर्टात सरासरी 14 तास.

"चोरांना रान मोकळं" हा मुद्दा तर उलटाच आहे. 8 तासांच्या तीन पाळ्या म्हणजे रात्री ठाणं रिकामं नाही, उलट रात्री ताजा माणूस. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे 2016 मध्ये हा प्रयोग झाला, आयुक्त दत्ता पडसलगीकर होते आणि आराखडा तिथल्याच एका पोलिसाचा, रवींद्र पाटील यांचा. मग मुंबईतल्या बाकी ठाण्यांतही गेला. माणसं वाढवावी लागतील हे मी मानते, 2014 च्या त्याच अभ्यासात ठाण्यांना मंजूर संख्येच्या 1.68 पट माणसं लागतील असं म्हटलंय. मग भरती मागा ना, असलेल्यालाच का पिळता?

आणि थकलेल्या पोलिसाचा फटका बसतो कुणाला? तुमची मोटारसायकल चोरीला गेली, रात्रभर गस्त घालून आलेला माणूस सकाळी फिर्याद लिहितोय, डोळे मिटतायत, तारीख चुकली, वेळ चुकली, तर पुढं कोर्टात आरोपीचा वकील तेवढ्यावरच खेचणार. नुकसान तुमचं. ठाण्यात तुमच्यावर खेकसतो तोही बऱ्याचदा झोपेविना असतो. खेकसणं बरोबर नाहीच, पण कारण तरी बघा.

ढेरीवर हसणाऱ्यांना एवढंच, मिळेल तेव्हा कचोरी-समोसा खाऊन, झोपेचा टाइम रोज बदलून तुम्ही महिनाभर राहून बघा.

राहिला संप. 1966 चा केंद्राचा कायदाच आहे, पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही, आणि परवानगी नसेल तर पेपरवाल्यांशीही असं बोलता येत नाही. मग त्यानं कुठं बोलायचं? माझा भाऊ तुमच्या ग्रुपमध्ये आहे, त्यानंही तो मेसेज वाचलाय, एक शब्द लिहिला नाही कारण नोकरी जाईल. ज्याला बोलायची सोय नाही त्याच्या गप्प बसण्याला "त्रास नाही" म्हणू नका. मला कसली बंदी नाही, म्हणून मी लिहिते, आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आलाय तिथं हेही टाका.